हनुवटी खाली, दरवेळी

गेल्या फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा. पाणी: चमच्याने तीन मिलिलिटर, मग पाच, मग दहा. दहाला ठसका. हनुवटी छातीकडे झुकवून पुन्हा दहा, ठसका नाही. मग मान तशीच ठेवून कागदी कपातून लहान घोटांनी पन्नास. एकूण अठ्ठ्याहत्तर. तपासणीची फी पंधराशे रुपये, रोख. हजर तिघे: सेतुमाधव राव, त्यांच्या पत्नी रुक्मिणीमामी आणि मी.

बेरीज मी मोठ्याने केली तेव्हा राव हसले. महिन्यापूर्वीच्या पक्षाघाताने तोंडाची उजवी बाजू लुळी पडली होती, त्यामुळे हसू अर्धंच उमटलं.

"माझें वयही अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "वर्षाला एक थेंब."

"थेंब नाही मामा, मिलिलिटर."

"तुम्हां पुण्याकडच्या लोकांना चूक म्हणून खपत नाहीं."

मी सोलापूरची, पण ते सांगत बसले नाही. चूक खपत नाही हे मात्र ऐकायला बरं वाटलं. तेव्हा वाटलं.

लग्न होऊन चेन्नईत आले त्याला बावीस वर्षं झाली. नवरा, अविनाश, मोटारींच्या कारखान्यात. मी इथल्या एका रुग्णालयात आहे. लोक मला 'स्पीच मॅडम' म्हणतात, पण माझं निम्म्याहून जास्त काम बोलण्याचं नाही, गिळण्याचं आहे. नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसतात. गिळायला काय शिकवायचं? बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगते. घशात दोन रस्ते आहेत, एक पोटाकडे आणि एक फुफ्फुसाकडे. घास आला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाच्या रस्त्यावर झाकण पडतं आणि घास मागच्या वाटेने सरकतो. सगळं मिळून सेकंदाचा खेळ. पक्षाघात, कंपवात, घशाच्या कर्करोगावर दिलेले किरण, नुसतं वाढतं वय, यांतल्या कशानेही हा सेकंद बिघडतो. झाकण उशिरा पडलं तर पाणी चुकीच्या रस्त्याला लागतं. मग न्यूमोनिया.

लोक ठसक्याला घाबरतात. इथे कुणाला ठसका लागला की डोक्यावर टपली मारून 'कुणी तरी आठवण काढली' म्हणतात, आपल्यासारखंच. मी म्हणते, ठसका हा राखणदार आहे. भीती बाळगायची ती ठसका न लागता आत जाणाऱ्या पाण्याची. ते समजायला माझ्याकडे मोठी यंत्रणा नाही. पाणी प्यायल्यावर माणसाला 'आ' म्हणायला लावायचं आणि आवाज ओला, घरघरता येतो का ऐकायचं. गळ्यावर चार बोटं ठेवून स्वरयंत्र किती उचललं जातं ते पाहायचं. शंका आली तर नाकातून कॅमेरा, नाहीतर क्ष-किरणांखाली तपासणी.

पण माझा खरा भर असतो प्रश्नांवर. मैलापूरच्या एक आजी चार डॉक्टर आणि दोन स्कॅन करून माझ्याकडे आल्या होत्या, घास घशात अडकतो म्हणून. मी विचारलं, "जेवताना कवळी लावता का?" त्या म्हणाल्या, "कवळी कचेरीला. घरी कशाला?" त्या कचेरीतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, कचेरी म्हणजे बाहेर जाणं. अख्खा घास न चावता गिळत होत्या. अण्णा नगरातला आयटीतला एक नागपूरकर मुलगा चार महिने नुसत्या ताकावर होता, कारण एकदा इडली अडकून जीव घाबरला होता. घसा ठणठणीत होता. त्याच्यासमोर बसून मी बारा दिवस रोज इडली खाल्ली. अविनाश म्हणाला, "पेशंट बरा झाला, तू दोन किलोने वाढलीस." खरं म्हणजे दीड.

घरी मी जेवताना लोकांच्या गळ्याकडे बघते, ही माझी खोड आहे. लग्नाच्या पंगतीत समोरचा म्हातारा एक घास किती वेळा गिळतो ते मी मोजते. दोनच्या वर गेला की मला पान गोड लागत नाही.

तर राव. मामा-मामी म्हणते ती इथली रीत म्हणून, नात्यातले नाहीत. हे तंजावरकडचे मराठी. घराणं तिकडे गेल्याला तीनएकशे वर्षं झाली असतील. मराठी जुनी, चाल तमिळ. वेस्ट मांबलममध्ये चाळीस वर्षं त्यांचं काफीचं दुकान होतं. बिया भाजून, दळून, गिऱ्हाइकाच्या जिभेप्रमाणे चिकोरी मिसळून द्यायचे. 'कॉफी' म्हटलेलं त्यांना चालत नसे. पक्षाघातानंतर महिनाभर काफी बंद होती आणि त्यांचं एकच म्हणणं होतं, "काफी कधीं?"

मी सूचना लिहून दिल्या. भात मऊ, दह्यात घोटलेला. रसम गाळून. नाचणीची कंजी, म्हणजे पेज, चमच्यावर थांबेल इतकी दाट. पाठीला उशी देऊन सरळ बसवणं. प्रत्येक जेवणानंतर तोंड स्वच्छ. आणि पाणी, पुढे आठवड्याने काफी: टंबलरने (इथला स्टीलचा पेला), लहान घोट, हनुवटी खाली. मामींनी कागद दोनदा वाचला. "दरवेळी?" त्यांनी विचारलं. "दरवेळी," मी म्हणाले.

नवव्या दिवशी, वीस तारखेला, राव ताप आणि धाप घेऊन दाखल झाले. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग भरला होता. नाकातून नळी घालून दूध आणि कंजीचं पाणी सुरू झालं. वॉर्डातल्या सिस्टर मामींना म्हणाल्या, "घाईघाईत पाजलंत ना पाणी?"  मी मामींना विचारलं, "हनुवटी खाली करत होते का ते?"

"दरवेळी, अम्मा. तुम्हीं सांगितल्या तसेंच मी केलों."

माझा विश्वास बसला नाही. हे मला लिहायलाच हवं. बावीस वर्षांत 'दरवेळी' म्हणणारे शेकडो नातेवाईक पाहिलेत, आणि त्यांनी लपवलेल्या लाडवांचे आणि केळ्यांचे हिशोबही. मी फाइलमध्ये एक ओळ लिहिली: घरी सूचना पाळल्या गेल्या नाहीत. खाली सही.

त्या एका ओळीवर पुढचं सगळं ठरलं. मेंदूचे मोठे डॉक्टर म्हणाले, घरात काळजी घेता येत नसेल तर पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणार, आणि या वयात पुढचा झेपायचा नाही. नाकातली नळी काही दिवसांपुरती. सोमवारी, तीन मार्चला, पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवू. मग तोंडाने काहीच नाही. तोपर्यंत घरी पाठवलं. राव फक्त मामींकडे बघत होते.

अठ्ठावीस फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी बारा. नळीतून दूध कसं द्यायचं ते मामींना नीट जमतंय का पाहायला मी त्यांच्या घरी गेले. मांबलम स्टेशनपासून चालत सात मिनिटं, दुसरा मजला, लिफ्ट नाही. राव झोपले होते. मामींनी मला सगळं करून दाखवलं: दूध कोमट आहे का ते मनगटावर पाहणं, नळी वर धरणं, शेवटी पाणी सोडून नळी धुणं. एकही चूक नव्हती. ज्या बाईची एकही चूक होत नाही तिने हनुवटीची एकच गोष्ट पाळली नसेल, हे मला तिथे उभ्या उभ्या खटकायला लागलं. पण खटकणं आणि बोलणं यांत अंतर असतं.

"एक विचारूं?" मामी म्हणाल्या. "मीच त्यांना ह्या दशेला आणलें काय?"

"असं होतं कधी कधी, मामी," मी म्हणाले. भित्र्या माणसाचं उत्तर.

"सकाळपासून तुम्हींही कांहीं घेतलां नसाल. ऊन फार." त्या आत गेल्या आणि दोन टंबलर पाणी घेऊन आल्या. एक मला दिला. दुसरा स्वतः उचलला, मान मागे टाकली, हात वीतभर वर नेला आणि धार तोंडात सोडली. ओठांना टंबलर लागला नाही. थेंब सांडला नाही. अर्धा टंबलर संपला, तोंड मिटलं, मान खाली आली.

हे मी बावीस वर्षांत किती वेळा पाहिलं असेल? हॉटेलात, कचेरीत, रिक्षावाल्यांना, माझ्याच वॉर्डातल्या सिस्टरांना. भांड्याला ओठ लागला की ते भांडं उष्टं, इथल्या बोलीत एच्चिल. ऑफिसच्या सामायिक बाटलीतून मी स्वतः तशीच पिते. डोळ्यांसमोर रोज असलेली गोष्ट मी कधी मोजलीच नव्हती.

"मामी," मी म्हणाले, "मामांना पाणी कसं पाजत होता ते दाखवा. माझ्यावर दाखवा."

"तुमच्यावर?"

"हो. जसंच्या तसं."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. पाठीमागे उशी दिली, मी कागदावर लिहिलं होतं तशी. "वर बघा," त्या म्हणाल्या. मी वर पाहिलं. छतावर पंखा फिरत होता. त्यांनी टंबलरमधून बारीक धार सोडली, जेमतेम पाच मिलिलिटर. "तोंड मिटा. आतां हनुवटी खाली. गिळा."

मी गिळलं. माझा घसा धड आहे, म्हणून काही झालं नाही.

त्यांनी माझी प्रत्येक सूचना पाळली होती. लहान घोट, हनुवटी खाली, दरवेळी. फक्त पाणी तोंडात जाताना मान मागे होती, कारण त्या घरात टंबलरने पिणं म्हणजे तसंच. मान मागे गेली की श्वासाचा रस्ता सताड उघडा राहतो. रावांच्या जिभेचा मागचा भाग कमजोर. पाणी तोंडात थांबायच्या आतच थोडं थोडं खाली झिरपत होतं, ठसका न लागता. हनुवटी खाली यायची तेव्हा उशीर झालेला असायचा. रुग्णालयात मी कागदी कप दिला होता. तो फेकून देतात, म्हणून त्याला ओठ लावलेला त्यांना चालला होता. मैलापूरच्या आजींना मी विचारलं होतं, घरी कसं जेवता. रावांना विचारलं नव्हतं, घरी कसं पिता.

मी मामींना हे सगळं सांगितलं. आणि फाइलमधली ओळही सांगितली. त्या बराच वेळ टंबलर पदराने पुसत होत्या, तो कोरडा झाल्यावरसुद्धा.

"म्हणजे मी नव्हें," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही. मी."

"आठ दिवस मला जेवण उतरलें नाहीं."

 आणि गिळण्यातली मी तज्ज्ञ.

शनिवारी सकाळी आठ वाजता त्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभी राहिले. ते नऊ चाळीसला आले. तमिळ माणूस, चांगला, पण घाईतला. मी फाइल पुढे केली. माझी ओळ मी लाल शाईने खोडली होती, वाचता येईल अशी, आणि खाली लिहिलं होतं: सूचना पाळल्या गेल्या. सूचना अपुरी होती.

"तुम्ही स्वतःचीच नोंद खोडताय?"

"हो. तारीख टाकून, सहीनिशी."

"यावरून उद्या कुणी तुम्हालाच विचारेल."

"विचारू दे सर. सोमवारची नळी मात्र त्या ओळीवर ठरली होती."

त्यांनी खुर्चीत मागे रेलून पाण्याची बाटली उघडली, मान मागे टाकली आणि धार तोंडात सोडली. मग हात तसाच वर ठेवून माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही हसू आलं नाही. "सोमवारी आधी कॅमेऱ्याने बघू," ते म्हणाले. "पण आणखी एकदा ताप आला तर मी तुमचं ऐकणार नाही."

सोमवारी कॅमेरा घातला. कॅमेऱ्यात दिसावं म्हणून हिरवं केलेलं पाणी, कागदी कप, ओठ लावून, हनुवटी आधी खाली आणि मग घोट. तीनही घोट स्वच्छ गेले. पोटातली नळी टळली, निदान तूर्त. नाकातली राहू दिली, आणि मी रोज संध्याकाळी कामावरून परस्पर वेस्ट मांबलमला जायला लागले. जीभ टाळ्याला दाबून धरणं, जोर लावून गिळणं, रोज तीस वेळा. मोजायला मी होतेच. रात्री झोप लागत नसे. सकाळी सहाला मामींना फोन: "ताप?" "नाहीं." मग दिवस सुरू.

अडलं ते टंबलरवर. कागदी कप रावांच्या कमजोर हातात चुरगळायचा, आणि त्यातून काफी घ्यायला ते तयार नव्हते. "कागदांतून काफी म्हणजे भिजलेली वही चाटणें," ते म्हणाले. स्टीलच्या टंबलरला ओठ लावायला तर मुळीच तयार नव्हते. चाळीस वर्षं दुकानात दिवसाला वीस वेळा काफी चाखलेली, गिऱ्हाइकासमोर, वरून धार सोडून. टंबलर कधी उष्टा झाला नाही हा त्यांचा मान होता.

मी सुचवलं, "मामा, तुमचा एक वेगळा टंबलर ठेवू. फक्त तुमचा. बाजूला."

त्यांचा चेहरा पडला. बोलायला त्यांना वेळ लागत असे. त्या दिवशी जास्तच लागला. "दुकानांत हमालांना मी वेगळा टंबलर ठेवत होतों," ते म्हणाले. "बाजूला. खिळ्याला. आतां मला?"

मी वही मिटली. या वाक्याला माझ्या वहीत रकाना नव्हता.

मामी आत गेल्या. दोन टंबलर घेऊन आल्या, घरातले रोजचेच, दोन्हींत थोडी काफी. एक रावांपुढे ठेवला. दुसरा त्यांनी उचलला, हनुवटी खाली केली आणि ओठ लावला. बहात्तराव्या वर्षी, पहिल्यांदा. जमलं नाही, काफी ओघळून पातळावर पडली.

"तुला पितां येत नाहीं," राव म्हणाले.

"तुम्हांला येतें तर दाखवा कीं."

"लहान पोर बरें पिईल."

"दोघेंही पोरें होऊं. घरभर उष्टें होऊं दे. कोण येऊन बघतो?"

 रावांनी डाव्या हाताने टंबलर उचलला. हनुवटी खाली. ओठ. घोट. मी त्यांच्या गळ्यावर बोटं ठेवली होती. स्वरयंत्र वर गेलं आणि खाली आलं. मी म्हणाले, "आ म्हणा."

"आ," ते म्हणाले. कोरडा, स्वच्छ आवाज. आणि लगेच, "चिकोरी फार."

पंचवीस मार्चला नाकातली नळी काढली. ताप पुन्हा आला नाही. आजचं बोलते, उद्याचं मी बोलत नाही.

एवढ्यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. माझ्या जुन्या वह्या एकोणीस. एप्रिलभर रात्री जेवणानंतर मी त्या काढून बसले आणि 'टंबलरने लहान घोट, हनुवटी खाली' हे शब्द किती वेळा लिहिलेत ते मोजलं. एकशे छत्तीस. 'घरी कसे पितात' हे एकदाही नाही. अविनाश म्हणाला, "अगं, त्यातले सगळे वरून थोडेच पीत असतील?" तेच तर. किती पीत होते ते मला माहीत नाही. ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. बरेच नंबर बदललेले. एकेचाळीस लागले. त्यातल्या नऊ घरांनी सांगितलं, ते गेले. कशाने गेले ते विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांना आता त्या उत्तराचा काय उपयोग होता? मला होता, आणि म्हणूनच विचारलं नाही.

आता माझ्या छापील कागदावर पहिला प्रश्न वेगळा आहे. पाणी द्यायच्या आधी मी पेशंटच्या घरचंच भांडं आणायला सांगते आणि म्हणते, "तुम्ही रोज पिता तसं दाखवा." शिकाऊ मुली कंटाळतात. कंटाळू देत.

नळी निघाली त्याच संध्याकाळी मी पाकिटात पंधराशे रुपये घालून वेस्ट मांबलमला गेले होते. मामींच्या हातात दिले.

"हें कशाला?"

"अकरा फेब्रुवारीची फी. ती तपासणी अर्धीच झाली होती."

राव खिडकीशी बसले होते. सावकाश शब्द जुळवत म्हणाले, "अर्धी झाली, तर अर्धेच परत द्या. तुम्हांला चूक खपत नाहीं ना?"

मला वाटलं मामी हसून पाकीट परत करतील, अशा वेळी बायका करतात तसं. त्यांनी पाकीट उघडलं, साडेसातशे काढले, पुन्हा एकदा मोजले आणि देवघरातल्या डब्यात ठेवले. बाकीचे मला दिले.

तेव्हा नोंद अशी. पंचवीस मार्च, मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. परत दिले साडेसातशे रुपये, रोख. घेणार, रुक्मिणीमामी. हजर तेच तिघे.